चादर आणि चौथरा

नाटक मोठं की सिनेमा मोठा, हा वाद आपला नाही. तो दिवाणखान्यातला वाद, चहा गार होईपर्यंत चालवायचा. आमच्या वस्तीत हा प्रश्न पैशाच्या अंगानं आला. चौदा एप्रिलची वर्गणी जमली, मंडप-स्पीकर भागवून थोडी रक्कम उरली, आणि आम्ही आठ-दहा पोरं विहारापुढच्या चौथऱ्यावर बसलो. कापसानं ज्यांची छाती धरली त्या माणसांवर काहीतरी करायचं, एवढं ठरलेलं. काय करायचं, तिथं फाटलं. अर्धे म्हणाले नाटक, अर्धे म्हणाले फिल्म. आमच्यातला एक बी. कॉम. झालेला. तो म्हणाला, “नाटक शंभर माणसं बघणार. फिल्म मोबाईलवर टाकली की लाख बघतील. हिशेब कर की गा.”

हिशेब मलाही येतो. इचलकरंजीच्या पट्ट्यात एका सूतगिरणीत मी रिंगखात्यात आहे. पाळीत किती धागे तुटले, किती सांधले, किती बॉबिन भरली, याचा हिशेब मुकादम ठेवतो आणि आम्हीही ठेवतो. पण शंभरातला एक माणूस आणि लाखातला एक माणूस एकाच मापानं मोजायचा का, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. ते मोजायला बसलो आणि हे लिहिणं झालं.

आधीच सांगतो, मी नववीपर्यंत शिकलेला माणूस. नाटक-सिनेमाचं शास्त्र मला कुणी शिकवलं नाही. रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेली पुस्तकं, नगरवाचनालय, आणि पाळी सुटल्यावर मोबाईलवर पाहिलेले सिनेमे, ही माझी शाळा. म्हणून जे सांगतो ते गिरणीच्या भाषेत सांगतो.

रिंगखात्यात आवाज एवढा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. मग माणूस दोन भाषा शिकतो. लांबच्या माणसाशी बोलायचं तर हात वर करून मोठ्या खुणा. तोंडापुढं बोटं नेली की जेवायची सुट्टी, मनगटावर बोट ठेवलं की किती वाजले. जवळच्या माणसाशी बोलायचं तर नुसता चेहरा. भुवई उडाली की मुकादम आला. ओठ आवळले की आज घरात भांडण झालंय, विचारू नको. ही लांबची भाषा म्हणजे नाटक. ही जवळची भाषा म्हणजे सिनेमा. नाटकातल्या नटाला शेवटच्या ओळीतल्या म्हातारीपर्यंत पोचायचं असतं, म्हणून तो आवाज टाकतो, हात फेकतो, अख्खं अंग बोलकं करतो. सिनेमातल्या नटाच्या नाकापर्यंत कॅमेरा येऊन उभा राहतो. त्यानं तिथं आवाज टाकला तर ते खोटं दिसतं. त्याची पापणी हलली तरी पडद्यावर ती हातभर होते.

यातून गोष्ट सांगायची रीतच बदलते. नाटकाला शब्द लागतो. मनात काय चाललंय ते कुणाशी तरी बोलावं लागतं, नाहीतर प्रेक्षकाशी. सिनेमात तेच बोलून दाखवलं की जास्तीचं होतं. चुलीपुढं बसलेली बाई, रिकामा डबा, तिचा हात. झालं. वाक्य लागत नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. धागा तुटला की आम्ही तो सांधतो. सांधा असा बसला पाहिजे की कापड घेणाऱ्याला तो कधी दिसू नये. सिनेमा हाच धंदा करतो. आज घेतलेला तुकडा, महिन्यानं घेतलेला तुकडा, दुसऱ्या गावात घेतलेला तुकडा, सगळे सांधून एक धागा. बघणाऱ्याला वाटतं सगळं एका दमात घडलं. नाटकात सांधायची सोय नाही. नट वाक्य विसरला तर शंभर माणसांपुढं विसरला. त्याला घाम आला तर खरा आला. नाटक जे दाखवतं ते तुझ्यापुढं आत्ता घडतं. सिनेमा जे दाखवतो ते आधीच घडून गेलेलं असतं, तुला फक्त त्याची खबर मिळते.

म्हणून मी असं म्हणतो, की नाटकात प्रेक्षक साक्षीदार असतो आणि सिनेमात प्रेक्षकापुढं पुरावा ठेवलेला असतो. हे दोन शब्द धरून ठेवा, पुढं लागतील.

आता नेपथ्याकडं. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर होऊन गेले. हा माणूस आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. राजवाडा म्हणजे राजवाड्याचं चित्र, जंगल म्हणजे जंगलाचं चित्र. नाटकात ते खपतं, कारण प्रेक्षकानं मान्य केलेलं असतं की हा पडदा आहे आणि तरी हा राजवाडा आहे. पेंटरांनी सिनेमा काढायला घेतला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की कॅमेरा असं काही मान्य करत नाही. कॅमेऱ्यापुढं रंगवलेला पडदा रंगवलेलाच दिसतो. मग त्यांनी रंगीत पडदे सोडून उभी घरं, खांब, दारं बांधली. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालचा. त्याच १९२० साली मुंबईत ‘मूकनायक’ निघाला, आणि त्याच सालच्या मार्चमध्ये आमच्या इथून जवळच्या माणगावात परिषद झाली, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. एकीकडं मूकपट बोलायला धडपडतोय, एकीकडं मूक माणसं बोलायला लागलीत. दोन्ही एकाच मुलखात, एकाच साली. पेंटरांच्या मूकपटांच्या इतिहासात माणगाव येत नाही आणि माणगावच्या भाषणांत सिनेमा येत नाही, पण मला ही दोन्ही माझीच बातमी वाटते.

पुढं १९२५ साली पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते. शंभर वर्षं झाली. माझ्या आज्याचं आणि बापाचं आयुष्य त्या एका ओळीत बसतं, फक्त आमच्याकडं गिळायला जमीनच नव्हती.

खऱ्या वस्तू आणि खऱ्या भिंती ही सिनेमाची ताकद. पण तीच त्याची कुंपणं. सिनेमाला गिरणी दाखवायची तर गिरणीत जावं लागतं, आणि गिरणीच्या फाटकावर वॉचमन असतो. नाटकाला गिरणी दाखवायची तर सहा पोरं बस्स होतात. हे कसं ते पुढं सांगतो.

आधी दोन कोर्टं बघू. एक रंगमंचावरचं, एक पडद्यावरचं.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आलं. पुस्तक मी रद्दीतनं आणून वाचलं, मग कोल्हापुरात एका हौशी मंडळींचा प्रयोग पाहिला. एका गावातला हॉल. चार खुर्च्या, टेबल. हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि त्या खोट्या खटल्यात बेणारेबाई खऱ्या अडकतात. दार बाहेरून बंद होतं. तेंडुलकरांचं सगळं नेपथ्य त्या दारात आहे. नाटक दुसरीकडं जाऊ शकत नाही, ही रंगमंचाची अडचण. त्यांनी त्या अडचणीचाच तुरुंग केला. बाई बाहेर जाऊ शकत नाही, आणि प्रेक्षकही जाऊ शकत नाही. शेवटी सगळे जागच्या जागी थिजतात, आणि बाई एकटी बोलते. असं जगात कुठं घडतं? कुठंच नाही. पण रंगमंचावर ते खरं वाटतं, कारण उजेड तिच्यावर आहे आणि आपला श्वास तिच्या श्वासाबरोबर चाललाय. १९७१ साली सत्यदेव दुबेंनी याचा सिनेमा केला, सुलभा देशपांडे दोन्हीकडं बेणारे होत्या. नाटकातलं कोर्ट उचलून पडद्यावर नेता येतं. ते बंद दार मात्र सिनेमात तितकं बंद राहत नाही, कारण कॅमेऱ्याला मनात आलं तर भिंतीतून बाहेर जाता येतं हे प्रेक्षकाला ठाऊक असतं.

दुसरं कोर्ट चैतन्य ताम्हाणेंचं, २०१४ सालचं. सिनेमाचं नावच ‘कोर्ट’. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. नारायण कांबळे नावाचा म्हातारा शाहीर. त्याच्या गाण्यामुळं एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं जीव दिला, असा त्याच्यावर खटला. शाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक, आपल्या चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ साली कोरोनानं गेले. या सिनेमात बेणारेबाईसारखं एकही लांब भाषण नाही. आरोपी कोर्टात जेमतेम बोलतो. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. कपाटं, फायली, लोकांची ये-जा, तारीख पे तारीख. मला पहिल्यांदा वाटलं, हा तर नाटकासारखाच पुढच्या खुर्चीत बसून घेतलाय. मग कळलं, नाही. नाटकात असा कंटाळा दाखवता येत नाही, नट कंटाळले की प्रेक्षक उठून जातो. इथं तो कंटाळा हाच पुरावा आहे. माणूस असाच संपवतात, ओरडून नव्हे, पुढची तारीख देऊन.

मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा गटारात उतरायच्या आधी दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा, हे ती सांगते. एका सुरात सांगते, रडत नाही. रंगमंचावर हीच बाई असती तर आपल्या नाटकवाल्यांनी तिला छाती बडवायला लावली असती, मी पण लावली असती, कारण तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायचं होतं. कॅमेऱ्यानं तिचा बारका आवाज जसाच्या तसा ठेवला. ज्यांना ओरडायची सवय नाही, ज्यांना कुणी ओरडूच दिलं नाही, त्यांचा आवाज सिनेमा उचलू शकतो. ही मोठी गोष्ट आहे.

आणखी एक. सिनेमा सरकारी वकीलबाईबरोबर तिच्या घरी जातो. ती स्वयंपाक करते, पोरांना वाढते, सुट्टीला घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जाते. ते नाटक परप्रांतीयाला हाकलून देणारं, लोक टाळ्या वाजवतात. इकडं शाहिराच्या स्टेजवर पोलीस चढलेले आपण आधी पाहिलेलं असतं. दोन स्टेज. एकावर पोलीस चढतो, दुसऱ्यावर टाळ्या पडतात. कुणी एक शब्द बोलत नाही, पण दोन तुकडे एकाच धाग्यात आले की आपणच बोलायला लागतो. हे सांध्याचं काम. आणि शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, खोलीतले दिवे जातात, पडदा काळा होतो. नाटकात दिवे गेले की नाटक संपतं. मीही उठायला लागलो होतो. पण सिनेमा पुढं चालूच राहतो, न्यायाधीशाच्या मागं त्याच्या सहलीपर्यंत जातो. व्यवस्था दिवे घालवून थांबत नाही, हे यापेक्षा साधं कसं सांगणार?

नाटकाला खलनायकाच्या घरी जाता येत नाही असं नाही, पण त्याला सोफा मांडावा लागतो, आणि सोफा मांडला की ते मराठी रंगभूमीचं जुनं दिवाणखान्याचं नाटक व्हायला वेळ लागत नाही. किती वर्षं तो सोफा हटला नव्हता! आपली झोपडी त्या सोफ्याच्या मागं कुठं मावणार? म्हणून प्रेमानंद गज्वींनी ‘घोटभर पाणी’त सगळं फेकून दिलं. दोन नट, आणि पाण्याचा प्रश्न. सोफाही नाही, झोपडीही नाही. ती एकांकिका कुठल्याही चौकात उभी राहू शकते, हे तिचं नेपथ्य.

आता ‘फँड्री’, २०१३. नागराज मंजुळेंच्या या सिनेमात जब्याचं कुटुंब डुक्कर धरायला धावतंय, डुक्कर हातात येणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे ताठ उभे राहतात. डुक्कर पळून जातं. पुढं मेलेलं डुक्कर काठीला टांगून ते शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. सिनेमात कुणी त्या भिंतीकडं बघत नाही, कुणी बोट दाखवत नाही. फक्त कॅमेरा बघतो. रंगमंचावर हे कसं करणार? भिंत मागं उभी केली तर प्रेक्षक पहिल्या मिनिटाला ती बघून मोकळा होईल. पुन्हा बघायला लावायचं तर नटाला थांबून वळावं लागेल, आणि तो वळला की त्याला कळलं असा अर्थ होतो. मंजुळेंचा सगळा घाव हा, की त्यांना वळायला उसंत नाही. नाटकात प्रेक्षकाचा डोळा मोकळा असतो, त्याला वाटेल तिथं तो बघतो. सिनेमात डोळा दुसऱ्याच्या हातात असतो.

इथंच सावध व्हायचं, दोस्तहो. डोळा दुसऱ्याच्या हातात. कुणाच्या? मंजुळेंच्या हातात असला तर तो भिंत दाखवेल आणि शेवटी दगड सरळ आपल्या कपाळावर फेकेल. दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर तो आपली झोपडी दाखवेल, आपल्या बायकांची अंगं दाखवेल, आपल्या हातातलं भांडं दाखवेल, आणि भिंत मात्र कापून टाकेल. इतकी वर्षं हेच झालं. आपण पडद्यावर होतो, पण डोळा आपला नव्हता.

नाटकाचं तसं नाही. नाटकातला माणूस गोष्टीतून बाहेर येऊन थेट तुझ्याशी बोलू शकतो. जोतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं. भोळ्या कुणबी नवराबायकोला जोशी कसा लुटतो त्याची गोष्ट, आणि मधेमधे विदूषक येऊन प्रेक्षकाला सांगतो, बघा रे, कसं चाललंय. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाटक घेतलं नाही. पुढं सत्यशोधकी जलसे आले, १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. जुन्या तमाशातला गण-गवळणीचा साचा त्यांनी बदलला, आणि सोंगाड्याच्या बतावणीत कालची बातमी आज घातली. अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणीत राबलेला माणूस. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, आणि त्यांच्या लोकनाट्यानं कामगार चाळी हलवल्या. याच अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर सिनेमेही निघाले, ‘वैजयंता’ १९६१ साली आणि ‘फकिरा’ १९६३ साली. माझा आजा ‘फकिरा’ बघून आला होता, आणि फकिरा कसा घोड्यावर बसायचा ते सांगायचा. पण माझा आजा शाहिराच्या तमाशाला गेला तेव्हा तो नुसता बघून आला नाही. शाहिरानं विचारलं, “कोण उपाशी हाय हितं?” आणि माझ्या आज्यानं हात वर केला. ते तो मरेपर्यंत सांगायचा. पडद्याला कुणी हात वर करून उत्तर देत नाही.

सरकारला हे आपल्या आधी कळलं. इंग्रजांनी नाटकावर बंदी घालायचा कायदा १८७६ साली केला. सिनेमा आपल्या देशात आला १८९६ साली, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. म्हणजे सिनेमा यायच्या वीस वर्षं आधी नाटकाची भीती कायद्यात लिहून झाली होती. तो कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडलं. नाटकाची संहिता आधी तपासून घेतात, पण रात्री प्रयोगात नट काय बोलेल हे कुठल्या शिक्क्यानं बांधणार? सिनेमाला एकदा दाखला मिळाला की तो जसा आहे तसाच राहतो, गावोगाव तोच. नाटक रोज बदलतं. पुरावा बदलला तर तो खोटा. साक्षीदार मात्र दर वेळी नव्यानं बोलतो, म्हणून त्याला धाक घालावा लागतो.

आता आमच्या चौथऱ्याकडं या.

माझी आत्ती, बापाची थोरली बहीण, गिरणीत वाया गेलेला कापूस निवडायचं काम करायची. बावीस वर्षं. तिची छाती धरली. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला जास्त आवळायची, पुढं पुढं रोजच. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या रोगाचं नाव बिसिनोसिस. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत पुढं हा रोग धंद्याचा रोग म्हणून घातला गेला. आत्तीच्या कागदावर मात्र डॉक्टरनं एकच शब्द लिहिला, दमा. दमा म्हणजे तुझा तू. धंद्याचा रोग म्हणजे गिरणीनं द्यायचं. एका शब्दाचा खेळ. आम्हाला नाटक काय नि फिल्म काय, त्या एका शब्दासाठी पाहिजे होती.

आम्ही दोन्ही केलं. रक्कम तुटपुंजी होती म्हणूनच जमलं.

नाटकात गिरणी कशी आणायची? सहा पोरं ओळीनं उभी केली. हात पुढं-मागं, पाय आपटून आवाज, तोंडानं स्पिंडलचा घुमा. मशीन तयार. जब्बार पटेलांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये, १९७२ साली, माणसांचीच भिंत उभी राहिली होती, ते वाचून होतो. तिथून धीर आला. आणि एक गोष्ट आम्हाला तालमीत सापडली. खरं मशीन फोटोत घेतलं तर ते मशीनच राहतं. माणसं मशीन झाली की बघणाऱ्याला कळतं, अरे, मशीन म्हणजे ही माणसंच. मधला एक पोरगा थांबला की अख्खं मशीन अडखळतं. संप म्हणजे काय, हे समजावायला मग भाषण लागलं नाही.

फिल्मला गिरणीत जाता आलं नाही. फाटकावरनंच परत पाठवलं. मग आत्तीच्या घरातच केली. पत्र्याला भोक आहे, दुपारी त्यातनं उन्हाची तिरीप येते. तिची जुनी गोधडी त्या तिरीपेत झटकली. मोबाईल जवळ धरला. तंतू उडाले, हजारो, उन्हात चमकत, खाली बसायचं नाव नाही. मग आत्तीचा चेहरा. ती काही बोलली नाही, फक्त श्वास घेतला, आणि तो घेताना तिच्या गळ्याची शीर ओढली गेली. सगळी मिळून चार मिनिटांची फिल्म. आत्तीला दाखवली. तिनं तंतू बघितले, पुन्हा बघितले. म्हणाली, “ह्ये माझ्या छातीत हाय व्हय रं?” बावीस वर्षं जे तिच्या आत गेलं ते तिनं पहिल्यांदा डोळ्यानं पाहिलं. हे कुठल्याच नाटकाला जमलं नसतं. चौथऱ्यावर आम्ही पोतंभर कापूस उधळला असता तरी ती लग्नातली अक्षता वाटली असती.

आणि नाटकात काय झालं ते ऐका. आत्तीचं काम करणारी पोरगी खोकते, असा प्रसंग होता. ती खोकली. तेवढ्यात मागं बसलेला एक म्हातारा खराच खोकला. लोक हसले. पोरगी थांबली. म्हातारा पुन्हा खोकला, थांबेचना. आता कुणी हसलं नाही. मग डाव्या बाजूला एक बाई खोकली. मग आणखी एक. पोरगी तशीच उभी, वाक्य बोलली नाही. आमच्या कागदावर असलं काही लिहिलेलं नव्हतं. वस्तीतले लोक एकमेकांकडं वळून बघायला लागले, जणू पहिल्यांदाच ऐकतायत की हा आवाज किती घरांत आहे. एकेकट्या घरात तो दमा होता. तिथं अंधारात तो सगळ्यांचा मिळून गिरणीचा झाला.

प्रयोगानंतर म्हाताऱ्यानं स्वतः येऊन विचारलं, “पोरा, माझ्या कागदावर काय लिवलंय ते वाच की.” पुढच्या रविवारी अकराजण आपापले कागद घेऊन चौथऱ्यावर आले. अकराही कागदांवर दमा. ते कागद घेऊन आम्ही आता दुसऱ्या डॉक्टरकडं आणि वकिलाकडं जातोय. काय होईल ते होईल. पण फिल्म बघून लाखभर अंगठे वर आले असते, तरी हे अकरा कागद एका जागी आले नसते.

म्हणून बी. कॉम.वाल्या दोस्ताला माझं उत्तर असं. फिल्म लाखांना दाखव, जरूर दाखव. जे लपवलंय ते दाखवायला, जे बारीक आहे ते मोठं करायला, जे दूर आहे त्यांच्या हातात पुरावा द्यायला फिल्मच लागते. पण पुरावा कितीही चांगला असला तरी साक्षीदार उभा राहिल्याशिवाय खटला चालत नाही. साक्षीदार तयार व्हायची जागा म्हणजे चौथरा. आणि नाटकवाल्यांना सांगणं असं, की आता मोबाईल प्रत्येक पोराच्या खिशात आहे. डोळा पहिल्यांदाच आपल्या हातात आलाय. तो लग्नाच्या वरातीवर आणि डीजेवर खर्च करू नका.

आमचं पुढचं असं ठरलंय. पावसाळा संपला की शेजारच्या पाच वस्त्यांत जायचं. सामान एवढंच, एक पांढरी चादर, एक भाड्याचा प्रोजेक्टर, सहा पोरं, एक पोरगी. आधी चादरीवर चार मिनिटांची फिल्म. आत्तीची शीर ओढली जाते तिथं फिल्म थांबवायची, चादर सोडून खाली पाडायची. चादरीमागं पोरांचं मशीन आधीच उभं. पाय आपटायला सुरुवात. आणि पोरगी खोकली की थांबायचं. कितीही वेळ थांबायचं, मागून खोकल्याचा आवाज येईपर्यंत. प्रत्येक वस्तीत तो येणार, याची मला खात्री आहे.

तुमच्या गावात गिरणी नसेल. वीटभट्टी असेल, साखर कारखाना असेल, गटार असेल. चादर प्रत्येक घरात असते. चौथरा नसला तर चार दगड मांडा. कागद मात्र बरोबर घेऊन या म्हणावं लोकांना.

जयभीम.